घटक ७ : परतीचे स्थलांतर – मायदेशी परतण्यामागील कारणे

७.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• ‘परतीचे स्थलांतर’ ही संकल्पना स्पष्ट करणे.
• परतण्यामागील कारणांचे वर्गीकरण करणे.
• १९४८ साली नांदेड-लातूर परिसरात घडलेल्या परतीचे स्वरूप सांगणे.
• परदेशातून परतलेल्या काही मराठी व्यक्तींच्या परतीची तुलना करणे.
• देशात परतणे आणि घरी परतणे यांतील भेद उदाहरणांनी पटवून देणे.

७.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण गाव सोडण्याची कारणे पाहिली. दुष्काळ, शिक्षण, नोकरी, विवाह, राजकीय भय अशा अनेक कारणांनी माणूस आपला मुलूख सोडतो. मराठवाड्यात याला ‘जगायला जाणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. १९७२ च्या दुष्काळात जगायला गेलेली कुटुंबे तुमच्यापैकी अनेकांच्या नात्यात असतील. तसेच शिक्षणासाठी लातूरला, तेथून पुण्याला आणि पुण्याहून परदेशी गेलेली भावंडेही असतील.

गेलेल्या माणसाविषयी आपण पुष्कळ बोलतो. परतलेल्या माणसाविषयी मात्र आपण एका वाक्यात निकाल देऊन मोकळे होतो. ‘मातीची ओढ होती म्हणून आला’ किंवा ‘तिकडे जमले नाही म्हणून आला’, ही ती दोन ठरावीक वाक्ये. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात उपहास आहे. परंतु दोन्हींत विचार थोडाच आहे. परतण्याच्या निर्णयात कायदा, पैसा, नातेसंबंध, भाषा आणि संधी यांचा वाटा असतो. हा वाटा ओळखण्यास शिकणे हे या घटकाचे प्रयोजन आहे. हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. परतू की नको, या विचारात असलेला एखादा विद्यार्थी हे पान वाचत असेल. कोणाची तरी वाट पाहणारा आई-बापही वाचत असेल.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ संकल्पना आणि शब्द

एखादी व्यक्ती वा समूह आपले मूळ ठिकाण सोडून दीर्घकाळ अन्यत्र राहिल्यानंतर पुन्हा मूळ प्रदेशात वास्तव्यासाठी येतो, तेव्हा त्यास ‘परतीचे स्थलांतर’ असे म्हणतात. सणासाठी, लग्नासाठी किंवा सुट्टीत येणे या व्याख्येत बसत नाही. आपल्या गावी भेटणारा पहिला माणूस ‘सुट्टीवर आलात की कायमचे?’ असे विचारतो. ही व्याख्या त्या एका प्रश्नात सामावलेली आहे.

भाषेचे विद्यार्थी म्हणून आपण येथे काही शब्द तपासून पाहू. ‘परागंदा होणे’ आणि ‘देशोधडीला लागणे’ यांत जाण्याची सक्ती व्यक्त होते. ‘देशांतर’ हा शब्द तटस्थ आहे. ‘मायदेश’ या शब्दात देशाला आईचे नाते दिलेले आहे. त्यामुळे मायदेशी परतणे हे आईकडे जाण्यासारखे, म्हणजे स्पष्टीकरणाची गरज नसलेले कृत्य ठरते. ‘वतन’ हा शब्द अधिक बोलका आहे. अरबीतून फारसी-उर्दूत आलेल्या या शब्दाचा तेथील अर्थ मातृभूमी असा आहे. मराठीत मात्र तो वंशपरंपरेने चालत आलेला हक्क, मान आणि जमीन या अर्थाने रुजला. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत परतीची दोन मोठी कारणे दडलेली आहेत : भावनेची भूमी आणि सातबाऱ्यावरची जमीन.

७.२.२ कारणांचे वर्गीकरण

ई. जी. रेव्हनस्टाइन या अभ्यासकाने १८८५ साली स्थलांतराचे काही नियम मांडले. स्थलांतराचा प्रत्येक मुख्य प्रवाह स्वतःच्या विरुद्ध दिशेचा एक प्रतिप्रवाह निर्माण करतो, हा त्यांपैकी एक नियम होय. म्हणजे जेथे जाणे आहे तेथे परतणेही आहे.

१९६६ साली एव्हरेट ली यांनी स्थलांतराच्या निर्णयाचे चार घटक सांगितले : मूळ ठिकाणाची परिस्थिती, गंतव्य ठिकाणाची परिस्थिती, मधले अडथळे आणि व्यक्तिगत बाबी. हीच चौकट परतीला लावली, तर ‘ढकलणारी’ कारणे परदेशात आणि ‘ओढणारी’ कारणे मायदेशात शोधावी लागतात. मधले अडथळे मात्र दोन्ही बाजूंनी असतात.

इटलीचे समाजशास्त्रज्ञ फ्रान्चेस्को चेरासे यांनी अमेरिकेतून दक्षिण इटलीत परतलेल्यांचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध केला. त्यांनी परतीचे चार प्रकार सांगितले :

१. अपयशाची परत – नव्या देशात जम न बसल्याने लवकर परतणे.
२. परंपरानिष्ठ परत – बचत करून, गावी जमीन घेऊन पूर्वीच्याच चाकोरीत प्रतिष्ठेने जगण्यासाठी परतणे.
३. निवृत्तीची परत – कामाचे आयुष्य संपल्यावर उरलेला काळ घालविण्यासाठी परतणे.
४. नवनिर्मितीची परत – परदेशात मिळविलेले ज्ञान व कौशल्य मायदेशी वापरण्याच्या हेतूने परतणे.

चेरासे यांचे आणखी एक निरीक्षण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. नवनिर्मितीच्या हेतूने परतलेल्यांचे हेतू पुष्कळदा सफल होत नाहीत, कारण गावातील सत्ता आणि मालमत्ता यांची जुनी व्यवस्था त्यांना वाव देत नाही. म्हणून कारण कितीही उदात्त असले, तरी परत यशस्वी होण्यासाठी केवळ ते पुरेसे नसते.

हे चार प्रकार एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे आहेत, असे समजू नये. एकाच माणसाच्या परतीत दोन-तीन प्रकार एकत्र आढळू शकतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) चेरासे यांनी सांगितलेले परतीचे चार प्रकार कोणते?
आ) ‘वतन’ या शब्दाचे उर्दूतील व मराठीतील अर्थ सांगा.

७.२.३ सीमेपलीकडून परत : १९४८

नांदेड-लातूर परिसराला परतीच्या स्थलांतराचा मोठा सामूहिक अनुभव आहे. तो समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. १९४८ पूर्वी हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, नाणे ‘हाली सिक्का’ होते आणि सीमेवर मालावर ‘करोडगिरी’ हा जकातीचा कर घेतला जाई. नांदेड जिल्ह्यातून पैनगंगा ओलांडून उमरखेडला जाणारा माणूस मध्य प्रांत-वऱ्हाडात जाई. लातूरहून बार्शी लाइट रेल्वेने बार्शीला जाणारा माणूस मुंबई प्रांतात उतरे. भाषा तीच मराठी, पण राज्य दुसरे होते. सध्याच्या लातूर जिल्ह्याचे प्रदेशही तेव्हा एकत्र नव्हते. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते, तर उदगीर, निलंगा व अहमदपूर हे भाग बीदर जिल्ह्यात होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ साली झाला.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. परंतु संस्थानातील संघर्ष थांबला नाही. रझाकार संघटनेचा नेता कासीम रझवी हा लातूरचाच वकील होता. रझाकारांच्या अत्याचारांमुळे असंख्य कुटुंबांनी घरे सोडून सीमेपलीकडे आश्रय घेतला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातील कार्यकर्त्यांनी सीमेबाहेर तळ उभारले. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर कार्यकर्त्यांनी केलेली कारवाई या लढ्यातील प्रसिद्ध घटना आहे.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याची कारवाई झाली आणि संस्थान भारतात आले. सीमेपलीकडे गेलेली कुटुंबे माघारी येऊ लागली. या परतीचे कारण ली यांच्या चौकटीत मांडून पाहा. मूळ ठिकाणचे भय दूर झाले, हे ओढणारे कारण. परक्या गावी नातलगांच्या आश्रयाने किती दिवस काढणार, हे ढकलणारे कारण. शेत, जनावरे, घर आणि देवघर मागे राहिले होते, ही व्यक्तिगत बाब. येथे निर्णयाला फार विचार लागला नाही. जाणे सक्तीचे होते. सक्ती संपली आणि पावले वळली.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजूही अभ्यासकाने पाहिली पाहिजे. सैनिकी कारवाईनंतर मुस्लिम वस्तीवर सूडाचे हल्ले झाले आणि अनेक मुस्लिम कुटुंबे परागंदा झाली. पंतप्रधान नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे नोंदविले. म्हणजे ज्या महिन्यांत काही कुटुंबे घरी परतत होती, त्याच महिन्यांत त्याच तालुक्यांतून दुसरी कुटुंबे घराबाहेर पडत होती. पुढे त्यांतील काही परतली, काही परतली नाहीत.

यातून एक महत्त्वाचे सूत्र हाती येते. परतण्यासाठी ओढ पुरेशी नसते. परतल्यावर आपण सुरक्षित राहू, आपले घर आपलेच राहील आणि शेजारी आपल्याला स्वीकारतील, असा भरवसा असावा लागतो. ओढ दोन्ही समूहांना सारखीच असते. भरवसा सर्वांना एकाच वेळी मिळत नाही.

७.२.४ परदेशातून परतलेल्या काही व्यक्ती

आता संस्थानाच्या सीमेऐवजी समुद्रापलीकडून झालेल्या परतीकडे वळू. पुढील चार उदाहरणांत परतीचे कारण प्रत्येक वेळी निराळे आहे.

(१) संकल्प – डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली अमेरिकेस जाण्यापूर्वीच श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात आपला हेतू जाहीर केला होता : भारतीय स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हवी. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन त्या त्याच वर्षी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक त्यांची वाट पाहत होती. क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या बाबतीत परत येणे हा जाण्याच्याच निर्णयाचा उत्तरार्ध होता.

(२) करार – डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण राहण्यास घर मिळेना. जात लपवून पारशी पथिकाश्रमात राहावे लागले आणि तेथूनही हुसकावले गेल्यावर काही दिवसांतच त्यांना बडोदे सोडावे लागले. परदेशातील विद्यापीठाने ज्यास प्रवेश दिला, त्यास मायदेशातील शहराने खोली दिली नाही. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली अभ्यास पुरा करून परतले. ही दुसरी परत कराराने बांधलेली नव्हती. ती सामाजिक संघर्षासाठी होती. पुढे १९५० साली त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय उभे केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. त्याचा लाभ मराठवाड्यातील अनेक पिढ्यांना झाला.

(३) संस्था – डॉ. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले, फ्रेड हॉइल यांच्यासमवेत केलेल्या संशोधनाने ख्यातनाम झाले आणि १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक म्हणून परतले. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की त्यांच्या विषयाचे काम करता येईल अशी संस्था भारतात अस्तित्वात होती. पुढे १९८८ साली पुण्यात आयुका ही संस्था स्थापन झाली, तिचे ते संस्थापक-संचालक झाले. साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे शीर्षक ‘चार नगरांतले माझे विश्व’ असे आहे. जन्मगाव कोल्हापूर, पण ही चार नगरे म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे.

(४) कार्यक्षेत्र – डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेतील वैद्यकीय प्रशिक्षणानंतर परतले आणि १९७० साली मराठवाड्याच्या सीमेलगत, सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविणे हे त्याचे वैशिष्ट्य. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ साली त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. या दोन्ही दांपत्यांनी मोठ्या शहरातील रुग्णालयाऐवजी सोयींचा अभाव असलेला भाग निवडला. ज्या ठिकाणी आपल्या ज्ञानाची निकड आहे, ते ठिकाण हेच त्यांच्या परतीचे कारण होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) १९१७ आणि १९२३ या डॉ. आंबेडकरांच्या दोन परतींत कोणता फरक आहे?
आ) डॉ. नारळीकरांच्या परतीत संस्थेचे महत्त्व काय होते?

७.२.५ आजची कारणे

थोरांच्या चरित्रांत कारणे ठळक दिसतात. सामान्य माणसाच्या आयुष्यात ती एकमेकांत गुंतलेली असतात. आजच्या परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या परतीची कारणे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

कायद्याची मुदत : आखाती देशांत निवासाचा परवाना सामान्यतः नोकरीशी जोडलेला असतो आणि परकीय कामगारास नागरिकत्व जवळजवळ मिळत नाही. त्यामुळे तेथे गेलेल्याची परत पहिल्या दिवसापासूनच ठरलेली असते. प्रश्न फक्त वर्षाचा असतो. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर सामान्यतः सहा वर्षे राहता येते. कायम निवासासाठी अर्ज केला, तरी नोकरीवर आधारित परवान्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जागा सहसा येत नाहीत, म्हणून भारतीयांची प्रतीक्षा वर्षानुवर्षे लांबते. नोकरी सुटल्यास साठ दिवसांत दुसरी मार्गव्यवस्था करावी लागते. आई-वडिलांच्या व्हिसावर राहणारे मूल एकवीस वर्षांचे झाले, की त्याचा तो आधार संपतो. गावाकडे ‘मुलासाठी आले’ असे सांगितले जाते. त्यामागे पुष्कळदा असा एखादा नियम असतो.

अचानक संकट : १९९० साली इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानांनी मायदेशी आणण्यात आले. २०२० च्या महासाथीत ‘वंदे भारत’ मोहिमेद्वारे लोक परतले. २०२२ साली युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’द्वारे वैद्यकीय विद्यार्थी परतले. परदेशातील वैद्यकीय पदवी घेतलेल्यास भारतात व्यवसाय करण्यासाठी पात्रता परीक्षा द्यावी लागते. म्हणून अशा विद्यार्थ्याची विमानतळावरची परत ही केवळ अर्धी परत असते.

आई-वडिलांचे वार्धक्य : हे सर्वाधिक सांगितले जाणारे कारण आहे आणि बहुतांशी ते खरेही असते. एक पडणे, एक शस्त्रक्रिया किंवा दोघांपैकी एकाचे जाणे, यांमुळे वर्षानुवर्षे पुढे ढकललेला निर्णय आठवड्यात होतो. दुसऱ्या बाजूने, आई-वडील गेल्यावर परतीचे कारणच संपले, असाही अनुभव येतो.

मुलांची भाषा : मूल घरी मराठी ऐकते, पण मराठीत उत्तर देत नाही, आजीशी दूरध्वनीवर बोलताना त्याचे शब्द संपतात. हे पाहून मूल दहा-बारा वर्षांचे होण्याआधी परतावे, असे अनेक पालकांना वाटते. मात्र महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठीचे अध्यापन अनिवार्य करण्यात आले आहे. बोलता येणारी पण वाचता न येणारी मराठी घेऊन सहावीत बसणारे मूल प्रारंभी अडखळते. ज्या भाषेसाठी परत यायचे, तीच पहिली अडचण ठरू नये, यासाठी पूर्वतयारी लागते.

जमीन : परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीस ‘ओसीआय’ कार्डाची सोय २००५ पासून आहे. तथापि अशा व्यक्तीस, तसेच अनिवासी भारतीयास, भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली मात्र ठेवता येते. ओसीआय कार्डधारकास मतदानाचा हक्कही नसतो. ‘वतन’ या शब्दाचे दोन अर्थ येथे पुन्हा समोर येतात.

स्त्रीचा दृष्टिकोन : परतीच्या चर्चेत एक प्रश्न क्वचितच विचारला जातो : परत, पण कोणाच्या घरी? नवऱ्यासाठी ते जन्मघर असते, पत्नीसाठी ते सासर असते. परदेशात व्हिसाच्या अटींमुळे जिला नोकरी करता आली नाही, तिला परत हवीशी वाटू शकते. जिने तेथे स्वतःचे काम उभे केले, तिला वृद्धांच्या सेवेचा भार प्रामुख्याने आपल्यावरच येणार, हे दिसत असते. ‘आम्ही ठरवले’ या वाक्यातील ‘आम्ही’ अभ्यासकाने उकलून पाहिला पाहिजे.

७.२.६ देशात परतणे आणि घरी परतणे

या घटकातील मध्यवर्ती मुद्दा आता मांडू. मराठवाड्यातील मुलाचे जाणे पायऱ्यापायऱ्यांनी होते. उदगीर, देगलूर किंवा कंधारचा विद्यार्थी अकरावी-बारावीसाठी लातूरला येतो. ‘लातूर पॅटर्न’मुळे प्रसिद्ध झालेली राजर्षी शाहू व दयानंद ही महाविद्यालये आणि तेथील शिकवणी वर्ग ही त्याची पहिली पायरी. दुसरी पायरी नांदेड, पुणे वा हैदराबाद येथील अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय महाविद्यालय. तिसरी पायरी पुणे, बंगळूर किंवा हैदराबाद येथील नोकरी. चौथी परदेश.

परतताना मात्र तो या सर्व पायऱ्या उतरत नाही. बहुधा तो तिसऱ्या पायरीवर थांबतो. त्याच्या व्यवसायाचे काम, पत्नीला नोकरी आणि मुलांना हवी ती शाळा तेथे मिळते. कागदोपत्री तो मायदेशी परतलेला असतो. आईच्या दृष्टीने तो ‘पुण्याला आला’ एवढेच घडलेले असते. अंतर कमी होते, सणाला येणे वाढते, दवाखान्याच्या वेळी एका रात्रीत पोहोचता येते. हे थोडे नाही. परंतु घराचे वरचे मजले कुलूपबंदच राहतात.

याचा दोष केवळ परतणाऱ्यास देता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जे शहर पाण्यासाठी रेल्वेची वाट पाहते, तेथे उद्योग थाटण्याचा विचार माणूस दोनदा करतो. ओढ नांदेडची असते, पण भरवसा पुण्याचा वाटतो. १९४८ च्या उदाहरणात आपण जे सूत्र पाहिले, तेच येथे निराळ्या रूपात दिसते. तेव्हा भरवसा जिवाचा होता. आज तो पाण्याचा, कामाचा आणि शिक्षणाचा आहे. जामखेड आणि गडचिरोलीची उदाहरणे दाखवितात, की शेवटच्या पायरीपर्यंत उतरणे शक्य असते. परंतु त्यासाठी परतणाऱ्याजवळ तेथे करावयाचे नेमके काम असावे लागते. उलट बाजूने, गावाला आणि शहराला त्या कामासाठी जागा करावी लागते. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यामुळे या भागातील अनेकांना उच्च शिक्षण आणि अध्यापन आपल्या परिसरातच करता आले. संस्था उभी राहिली, की परतीची वाट लहान होते.

७.२.७ कारण सांगण्याची भाषा

परतलेल्या माणसाला नांदेड-परभणीकडे ‘कामून आलास?’ असे विचारतात. ‘कामून’ म्हणजे ‘का म्हणून’. प्रश्न साधा असतो, पण त्यात संशय असू शकतो. म्हणून उत्तर देणारा समाजमान्य कारण निवडतो. आई-वडिलांची सेवा, मुलांवरील संस्कार आणि मातीची ओढ ही तीन कारणे सर्वत्र स्वीकारली जातात. नोकरी गेली, एकटेपणा सोसवेना, संसारात ताण आला, परवाना मिळाला नाही, ही कारणे मनात राहतात. याचा अर्थ सांगितलेले कारण खोटे असते, असा नाही. अनेक खऱ्या कारणांपैकी सांगण्याजोगे कारण पुढे येते, एवढेच.

साहित्याच्या विद्यार्थ्यास ही जाण विशेष उपयोगी आहे. आत्मचरित्र, पत्र, मुलाखत किंवा कथा वाचताना परतीचे कारण कोण, कोणाला, किती वर्षांनी सांगत आहे, हे पाहावे. त्याबरोबर चार प्रश्न विचारावेत : कोठून परत? कोठपर्यंत परत? कशासाठी परत? आणि कशाच्या भरवशावर परत? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मजकुरात सहसा मिळते. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांची उत्तरे मात्र शोधावी लागतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – ३
अ) मराठवाड्यातील परदेशस्थांची परत बहुधा कोणत्या पायरीवर थांबते व का?
आ) परतीचे वर्णन वाचताना कोणते चार प्रश्न विचारावेत?

७.३ सारांश

परतीचे स्थलांतर म्हणजे दीर्घ वास्तव्यानंतर मूळ प्रदेशात राहण्यासाठी येणे होय. रेव्हनस्टाइन, ली आणि चेरासे यांच्या मांडणीमुळे त्याच्या कारणांचे वर्गीकरण करता येते. १९४८ साली सीमेपलीकडील मराठवाडी कुटुंबे भय संपल्याने परतली. त्याच काळात भयामुळे काही कुटुंबांना घर सोडावे लागले. संकल्प, करार, संस्था आणि कार्यक्षेत्र ही परतीची चार कारणे आपण चरित्रांच्या आधारे पाहिली. आज कायद्याची मुदत, संकट, वृद्ध आई-वडील, मुलांची भाषा आणि जमीन ही कारणे एकत्रितपणे काम करतात. परतण्यास ओढ आणि भरवसा हे दोन्ही लागतात. भरवसा जेथपर्यंत पोहोचतो, तेथपर्यंतच परत येते. म्हणून देशात परतणे आणि घरी परतणे यांत अंतर राहते.

७.४ शब्दार्थ

प्रतिप्रवाह – मुख्य प्रवाहाच्या उलट दिशेने होणारी हालचाल.
गंतव्य – जेथे जावयाचे ते ठिकाण.
परागंदा – घरदार सोडून दूर निघून गेलेला.
करोडगिरी – निजाम राज्यातील जकात.
हाली सिक्का – हैदराबाद संस्थानचे चलन.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१ अ) अपयशाची, परंपरानिष्ठ, निवृत्तीची आणि नवनिर्मितीची परत.
१ आ) उर्दूत मातृभूमी, मराठीत वंशपरंपरागत हक्क, मान वा जमीन.
२ अ) १९१७ ची परत शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने व कराराने घडली, १९२३ ची परत अभ्यास पुरा करून स्वेच्छेने, सामाजिक कार्यासाठी झाली.
२ आ) त्यांच्या विषयाचे संशोधन करता येईल अशी संस्था भारतात असल्याने परतल्यावरही त्यांचे काम चालू राहू शकले.
३ अ) पुणे, बंगळूर, हैदराबाद यांसारख्या शहरांत, कारण व्यवसाय, जोडीदाराची नोकरी आणि मुलांचे शिक्षण यांचा भरवसा तेथे वाटतो.
३ आ) कोठून, कोठपर्यंत, कशासाठी आणि कशाच्या भरवशावर.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘परतण्यासाठी ओढ पुरेशी नसते’ या विधानाची १९४८ व आजचा काळ यांच्या संदर्भात चर्चा करा.
२. डॉ. आनंदीबाई जोशी आणि डॉ. आरोळे दांपत्य यांच्या परतीची तुलना करा.
३. टीपा लिहा : अ) चेरासे यांचे वर्गीकरण आ) परतीचा निर्णय आणि स्त्री.

७.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील, गल्लीतील किंवा नात्यातील परदेशातून अथवा मोठ्या शहरातून परतलेल्या एका व्यक्तीची भेट घ्या. परतण्याचे कारण प्रथम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यांची बोली बदलू नका. नंतर घरातील दुसऱ्या एखाद्या व्यक्तीला, शक्यतो स्त्रीला, तोच प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. दोन्ही उत्तरांतील साम्य व फरक दोन पानांत नोंदवा. व्यक्तीचे नाव लिहू नये आणि तिची संमती घेतल्याखेरीज नोंद संपर्कसत्रात वाचू नये. नोंद पूर्ण झाल्यावर शेवटी एक ओळ जोडा : ही व्यक्ती अजून कोणत्या पायरीवर आहे, आणि तिला पुढची पायरी उतरता यावी यासाठी तुमच्या गावात कोणती एक गोष्ट असावयास हवी?